कुसात्सुच्या गरम पाण्याला जाताना

जपानला निघालेल्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो: तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका, जमलं तर हिरोशिमा. गरम पाण्याचे झरे, म्हणजे तिथले ओन्सेन, त्यात कसेबसे एका संध्याकाळपुरते बसवले जातात. ज्यांना दोन-तीन दिवस मोकळे काढता येतील, त्यांनी ते डोंगरातल्या एकाच गावाला द्यावेत असं मी सांगेन, आणि ते गाव म्हणजे गुन्मा प्रांतातलं कुसात्सु. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडंसं खाली, कुसात्सु-शिराने या जागृत ज्वालामुखीच्या अंगावर ते वसलं आहे. आरिमा आणि गेरो यांच्या जोडीने जपानच्या तीन नामांकित झऱ्यांत त्याची गणना शतकानुशतकं होत आली आहे.

गरम पाण्याची कुंडं आपल्याला नवी नाहीत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वराजवळचं राजवाडी, खानदेशातला उनपदेव अशी कितीतरी नावं घेता येतील. पण कुसात्सुचं पाणी वेगळ्याच जातीचं आहे. सगळे झरे मिळून मिनिटाला 32,000 लिटरांहून अधिक पाणी पंप न लावता आपसूक जमिनीतून वर येतं. त्याची आम्लता एवढी की सामू जेमतेम दोनच्या आसपास भरतो, म्हणजे साधारण लिंबाच्या रसाइतका. लोखंडी खिळा या पाण्यात काही दिवसांत झिजून सुईसारखा होतो. वर ते कढत. युबाताके या मुख्य झऱ्याचं पाणी पन्नास अंशांच्या वर असतं, तर बान्दाइको नावाच्या झऱ्याचं जवळजवळ उकळतं.

एवढं तापलेलं पाणी अंगावर घ्यायचं तर त्यात थंड पाणी ओतावं, हा कुणालाही सुचणारा उपाय. कुसात्सुने तो नाकारला. पाणी पातळ करायचं नाही, त्याचा गुण घालवायचा नाही, हा या गावाचा जुना हट्ट आहे. तिथल्या चालीरीती, इमारती, आणि तुम्ही-आम्ही घ्यायच्या बहुतेक सगळ्या काळज्या या एका हट्टातून निघाल्या आहेत. तो ध्यानात ठेवलात तर पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

पोचायचं कसं

तोक्योच्या उएनो स्थानकातून ‘कुसात्सु-शिमा’ नावाची जलद गाडी नागानोहारा-कुसात्सुगुची या स्थानकापर्यंत जाते. अडीच तास लागतात. पुढे पंचवीसेक मिनिटांचा घाट बसने चढायचा. या बसच्या वेळा गाडीशी जुळवलेल्या असतात, म्हणून स्थानकात खरेदी करत रेंगाळू नका, आधी बस गाठा. गाड्या दिवसाकाठी मोजक्याच आहेत, त्यामुळे आसन आधी राखून ठेवलेलं बरं. शिंजुकूहून थेट बसही सुटते. ती चारेक तास घेते, पण स्वस्त पडते आणि चढ-उतार वाचतात, म्हणून वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी बसच सुचवेन. शिंकान्सेनमध्ये बसण्याची हौस असेल त्यांनी कारुइझावापर्यंत यावं आणि तिथून डोंगरातली बस धरावी.

मोठ्या बॅगा ओढत वर जाऊ नका. गावातले रस्ते चढउताराचे, पायऱ्यांचे, आणि हिवाळ्यात बर्फाने निसरडे झालेले असतात. जपानमध्ये सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोचवणारी चोख सेवा आहे. तोक्योहून मोठी बॅग थेट पुढच्या मुक्कामी पाठवायची आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या पिशवीत घेऊन चढायचं.

कोणत्या महिन्यात जावं? ऑक्टोबरच्या मध्यावर या उंचीवरची पानं लाल-पिवळी होतात आणि हवाही अंगाला मानवते. उन्हाळ्यात तोक्यो घामाने निथळत असतं तेव्हा इथे संध्याकाळी शाल लागते. बर्फ पाहायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो, म्हणून तळ पकड धरणारे बूट हवेतच. शिरानेच्या बाजूने शिगा पठाराकडे जाणारा डोंगरमाथ्यावरचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. तो प्रवास करायचा असेल तर मे ते ऑक्टोबर हे महिने धरा.

ज्वालामुखीबद्दल दोन शब्द. जानेवारी 2018 मध्ये मोतोशिराने या शिखराजवळ अचानक स्फोट झाला, त्यात स्कीच्या उतारावर असलेल्या माणसांना इजा झाली आणि एकाचा जीव गेला. गाव शिखरापासून दूर आहे आणि तिथलं व्यवहार-जीवन नेहमीप्रमाणे चालू असतं. पण वर विवराकडे भटकायचा बेत असेल तर जपानच्या हवामान खात्याने त्या दिवशी दिलेली सूचना बघूनच निघा. खातं एक ते पाच अशा पायऱ्यांत इशारा देतं आणि तुमच्या मुक्कामाच्या काउंटरवर तो लगेच कळतो.

युबाताकेच्या कठड्यापाशी

गावात शिरलात की गंधकाचा वास तुम्हाला मध्यभागी आणून सोडतो. तिथे भर चौकात दगडी कठड्याने वेढलेला युबाताके आहे. या एका ठिकाणी मिनिटाला सुमारे 4,000 लिटर पाणी वर येतं, आणि ते एकाला एक लागून मांडलेल्या लांबलचक लाकडी पन्हळींतून सावकाश वाहत जातं. पन्हळींचा उपयोग पाणी निववण्याचा. हवेशी भेट घडत घडत पाण्याचा ताव उतरतो आणि थेंबभर साधं पाणी न मिसळता ते न्हाणीघरांकडे जायच्या लायक होतं. वाहताना त्यातलं गंधक पन्हळीच्या तळाशी बसतं, पिवळसर-पांढरा साका. ठरावीक काळाने तो खरवडून काढतात, वाळवतात आणि ‘युनोहाना’ म्हणून विकतात. पन्हळी संपतात तिथे पाणी हिरवट रंगाच्या कातळावरून धबधब्यासारखं खाली पडतं. कठड्याची आजची वळणदार मांडणी तारो ओकामोतो या विख्यात कलावंताच्या देखरेखीखाली 1975 साली झाली.

इथे दोनदा या. एकदा दिवसाउजेडी पन्हळी नीट बघायला, आणि एकदा रात्री, दिवे लागल्यावर, वाफेचे लोट उंच चढताना बघायला. कठड्याला लागूनच पाय बुडवून बसायची फुकट सोय आहे. ज्यांना कोणत्याही कारणाने पूर्ण स्नान करायचं नाही, त्यांनी इथे दहा मिनिटं पाय सोडून बसलं तरी या पाण्याची ओळख होते.

चौकातच नेत्सुनोयु नावाची इमारत आहे. तिथे ‘युमोमी’ दाखवतात. सहा फुटी लाकडी फळ्या घेऊन बायका कुंडाच्या काठाला ओळीने उभ्या राहतात आणि गाण्याच्या तालावर पाणी उलथंपालथं करतात. आज तो पर्यटकांसाठीचा खेळ झाला आहे, पण मूळ काम पाण्याचा ताव उतरवण्याचंच. पूर्वी रोगी लोक गटागटाने, एका प्रमुखाच्या हुकमाखाली, अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात तीन मिनिटं बसत. उतरण्याआधी पाणी असं घुसळून एकसारखं करायचं आणि डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतून शरीर तयार करायचं, असा तो शिस्तशीर उपचार होता. प्रेक्षकांना मधल्या वेळात फळी हातात घेऊ देतात. जरूर घ्या. वल्ह्यासारखी ती फळी पाण्यात उलटी करताना मनगटावर जो भार येतो, त्यावरून त्या बायकांच्या श्रमाचा अंदाज येतो.

लाजेचा प्रश्न

आता खरा प्रश्न. जपानी सार्वजनिक स्नानात कपडे घालून उतरत नाहीत. पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आपल्याकडे बायका साडीनिशी कुंडात उतरतात, पुरुष पंचा गुंडाळून, त्यामुळे हा भाग ऐकूनच पुष्कळ मंडळी ओन्सेनवर फुली मारतात. माझं म्हणणं एवढंच की फुली मारण्याआधी व्यवस्था समजून घ्या.

कुसात्सुच्या न्हाणीघरांत स्त्रिया आणि पुरुष यांची दालनं वेगळी असतात. दारावर कापडी पडदा असतो, बहुधा पुरुषांसाठी निळा आणि स्त्रियांसाठी लाल. पडद्यावरचं एकाक्षरी चिन्ह ओळखून ठेवा: पुरुषांच्या चिन्हात वरच्या अंगाला खिडकीसारखा चार घरांचा चौकोन दिसतो, बायकांच्या चिन्हात तो नसतो. पुष्कळ मुक्कामांत रात्रीतून दालनांची अदलाबदल करतात, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही कुंडांचा लाभ मिळावा. तेव्हा काल संध्याकाळी गेलो होतो त्याच दारात पहाटे डोळे चोळत शिरू नका, पडदा पाहा.

आत कुणीही कुणाकडे पाहत नाही. हे शिष्टाचार म्हणून सांगितलं जातं, पण ते तिथे लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे. हातभर लांबीचा छोटा टॉवेल जवळ असतो, तो चालताना आडोशाला धरायचा. पाण्यात मात्र तो बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा किंवा काठावर. पहिली दोन मिनिटं अवघड जातात आणि मग अवघडलेपण ओसरतं, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

तरीही सासू-सुनेला, बाप-लेकाला, किंवा नणंद-भावजयींना एकत्र जायला संकोच वाटला तर तो संकोच खरा आहे, त्यावर जबरदस्ती नको. वेगवेगळ्या वेळी जा. पहाटे साडेपाच-सहाला आणि रात्री उशिरा कुंडं जवळजवळ रिकामी असतात. दुसरा मार्ग म्हणजे घरच्यांपुरतं राखून घ्यायचं कुंड. त्याला ‘काशिकिरी’ म्हणतात. पाऊण-एक तासासाठी ते दार आतून बंद करून मिळतं, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. नवरा-बायको, लहान मुलं, आईवडील अशा कुटुंबासाठी हाच सर्वांत सुखाचा पर्याय आहे. खोली ठरवतानाच ‘काशिकिरी आहे का?’ असं विचारून घ्या.

गोंदवण्याबद्दलही आधीच विचारा. जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेल्याने अनेक न्हाणीघरं गोंदलेल्यांना प्रवेश देत नाहीत. आपल्या आज्यांच्या हातावर तुळशीवृंदावन असतं, कपाळावर टिंब असतं, आणि तरुणांच्या दंडावर आणखी काही. प्रत्येक जागेचा नियम निराळा आहे. लहान गोंदण कातडीच्या रंगाच्या चिकटपट्टीने झाकलं तर पुष्कळ ठिकाणी चालतं. राखून घेतलेल्या कुंडात तर हा प्रश्नच उरत नाही.

पाण्यात उतरण्याआधी

सर्वांत आधी दागिने. हे मी आपल्या वाचकांना मुद्दाम सांगते आहे, कारण परदेशी पुस्तकांत ते एका ओळीत उरकलेलं असतं. गंधकाने चांदी काळी पडते, आणि या पाण्यात तर बघता बघता. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी, हातातलं कडं सगळं खोलीतल्या तिजोरीत काढून ठेवा. जोडवी घट्ट बसलेली असतील तर ती घरूनच, साबण लावून, सैल करून या. शुद्ध सोनं काळवंडत नाही, पण दागिन्यातल्या सोन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते, आणि मंगळसूत्राच्या तारेचा भरवसा नाही. ज्यांना मंगळसूत्र काढणं रुचत नाही त्यांनी प्रवासापुरतं काळ्या मण्यांचं दोऱ्यात ओवलेलं घालावं. घड्याळ आणि मोबाइल आत नेऊच नका. न्हाणीघरात फोटो काढायला सक्त मनाई आहे.

त्या दिवशी दाढी, वॅक्सिंग असलं काही करू नका. ताज्या कापलेल्या कातडीला हे पाणी झोंबतं. पायाला चिरा पडल्या असतील, बुटाने फोड आला असेल, तर आधी बरं होऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. पाणी तोंडावर मारायची आपली सवय इथे आवरायची, कारण डोळ्यांत गेलेला एक थेंबही चांगलाच जळजळतो. गेलाच तर लगेच साध्या पाण्याने धुवा.

डोक्याला खोबरेल लावून पाण्यात उतरायचं नाही. कुंडात शिरण्याआधी साबणाने अंग स्वच्छ धुणं हा इथला पहिला आणि न मोडण्याचा नियम आहे. मुक्कामाच्या न्हाणीघरात भिंतीलगत बुटके नळ आणि स्टुलं असतात. तिथे बसून, शेजारच्यावर शिंतोडे न उडवता, सावकाश अंघोळ करा, साबणाचा फेस पूर्ण काढा, लांब केस वर बांधा. एकाच पाण्यात अनेकजण बसणार असतात, म्हणून मळ बाहेरच ठेवायचा. गावातल्या फुकट न्हाणीघरांत मात्र अंग धुवायचे नळ आणि साबण दोन्ही नसतात. तिथे जायचं तर खोलीवरून अंघोळ करूनच निघा.

मग कुंडातलं पाणी लाकडी घंगाळ्याने पायांवर, कमरेवर, खांद्यांवर ओतत राहा. कुसात्सुत हे चार-दोन वेळा करून भागत नाही. दहा-वीस वेळा ओता, मानेमागे ओता, म्हणजे शरीराला तापमानाची खबर मिळते. त्यानंतर एकेक पाय टाकत, न खळबळवता, आत बसायचं. पहिल्या खेपेला तीन मिनिटं पुष्कळ झाली. बाहेर या, काठावर बसा, श्वास निवू द्या, पुन्हा तीन मिनिटं. अशा दोन-तीन फेऱ्यांपुढे पहिल्या दिवशी जाऊ नका. पाणी सोसतंय म्हणून पंधरा मिनिटं बसलेली माणसं उठताना भोवळ येऊन पडतात. उठायचं तेही काठ धरून, हळू. पहिल्या दिवशी हौसेने पाच-सहा वेळा डुंबणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं होतं. जपानी लोकांत या त्रासाला वेगळं नावच आहे, ‘युआतारी’. त्यावर औषध एकच, एक दिवस पाण्यापासून दूर राहणं.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, त्वचेचा चालू आजार यांपैकी काही असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि तिथे पाण्याचा सौम्य पर्याय निवडा. जेवणानंतर तासभर आणि मद्य घेतल्यावर पाण्यात उतरू नये. मासिक पाळीच्या दिवसांत सामायिक कुंडात जात नाहीत. लंगोट लावणाऱ्या बाळांनाही सामायिक कुंडात नेऊ नका. त्वचा नाजूक असेल तर शेवटी साध्या पाण्याने अंग धुऊन घ्या. तक्रार नसेल तर जपानी लोक ते पाणी तसंच अंगावर सुकू देतात.

आणखी एक गोष्ट, जी जिवाशी गाठ घालू शकते. गंधकाच्या झऱ्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही येतो. न्हाणीघरांच्या वरच्या खिडक्या आणि झरोके कडाक्याच्या थंडीतही उघडे ठेवलेले असतात ते त्याचसाठी. वारा लागतो म्हणून ते बंद करू नका. डोंगरात ‘वायू आहे, थांबू नका’ अशा पाट्या दिसतील तिथे फोटोसाठीही रेंगाळू नका.

कुठल्या कुंडात?

गावात पर्यटकांसाठी तीन फुकट न्हाणीघरं आहेत: शिराहाता, चियो आणि जिझो. शिराहाता युबाताकेला अगदी खेटून आहे. लाकडी खोली, कपडे ठेवायला नुसते खण, कुलूप नाही, दुधट पाणी, आणि ते चांगलंच कढत. गावकरी रोज इथे येतात. तुम्ही पाहुणे आहात हे लक्षात ठेवा: आवाज कमी, बसण्याचा वेळ थोडा, आणि पाणी कितीही भाजलं तरी त्यांना न विचारता थंड पाण्याचा नळ सोडायचा नाही. गावातली इतर छोटी न्हाणीघरं रहिवाशांची आहेत, तिथे शिरू नये.

नवख्यांनी सुरुवात ओताकिनोयुपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे ‘आवासेयु’ नावाची लाकडी हौदांची रांग आहे. पहिल्यातलं पाणी अडतीस अंशांच्या आसपासचं, पुढचं थोडं अधिक गरम, असं करत शेवटचा हौद सेहेचाळीसच्या घरात. एकेक पायरी चढत आपली सोसण्याची हद्द स्वतः शोधता येते, आणि शिराहातात भाजून निघण्याची वेळ येत नाही. साइनोकावारा बागेतलं उघड्यावरचं विस्तीर्ण कुंड सुमारे 500 चौरस मीटरचं आहे. हिवाळ्यात झाडांवर बर्फ साचलेलं असताना तिथे मान पाण्याबाहेर ठेवून बसण्यासारखं सुख नाही. चौकातल्या गोझानोयुमध्ये दोन झऱ्यांचं पाणी शेजारी शेजारी घेता येतं, त्यामुळे पाण्यापाण्यातला फरक अंगाला कळतो. या तीनही ठिकाणी तिकीट आहे.

साइनोकावारा बागेत एर्विन फॉन बेल्झ या जर्मन डॉक्टरचा पुतळा आहे. 1876 साली जपान सरकारने त्यांना वैद्यक शिकवायला बोलावलं. कुसात्सुचं पाणी आणि डोंगरातली हवा यांचं महत्त्व त्यांनी युरोपात पोचवलं. त्यांचं जन्मगाव बिटिगहाइम आणि कुसात्सु आज भगिनी-शहरं आहेत.

मुक्काम आणि जेवण

र्‍योकान म्हणजे पारंपरिक खाणावळी-मुक्काम. तिथला दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. चौघांचं कुटुंब हिशेब करताना इथेच चुकतं. दुपारी तीनला खोली मिळते, सकाळी दहाला सोडायची. जेवण सहा-साडेसहाला, आणि ती वेळ पाळायचीच, कारण एकेक पदार्थ त्या घटकेला मांडलेला असतो. तातामी चटईवर चपला नेऊ नका, संडासातल्या सपाता संडासातच राहू द्या. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना जमिनीवरच्या गादीवरून उठणं जड जातं, त्यांच्यासाठी पलंगाची खोली मागून घ्या. खोलीत ठेवलेला युकाता, म्हणजे सुती झगा, घालून गावात खुशाल फिरा. डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी. उलटं नेसवतात ते मृत व्यक्तीला.

शाकाहारी मंडळींनी गाफील राहू नये. वाटीतलं सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाजीचं पाणी या सगळ्यांत ‘दाशी’ असतं आणि ते बहुधा सुकवलेल्या माशाचं. ‘मांस नको’ म्हटल्यावर मासे चालतात असाच अर्थ घेतला जातो. आरक्षण करतानाच जपानीत लिहून कळवा: मांस नको, मासे नकोत, माशाचं दाशीही नको, अंडं-दूध चालतं की नाही. कळवूनही काही ठिकाणी जमत नाही असं उत्तर येईल. ते नकार म्हणून मनाला लावून घेऊ नका, खरं बोलतात म्हणून बरं. अशा वेळी ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाविना मुक्काम घ्या. तो स्वस्तही पडतो. बरोबर मेतकूट, खाकरे, थेपले, पाणी घालून होणारा उपमा ठेवा आणि ते खोलीतच खा, जेवणघरात नको. गावातली उपाहारगृहं लवकर बंद होतात. रात्री आठनंतर काही मिळेल या भरवशावर राहू नका.

खाण्याजोगं मात्र पुष्कळ आहे. वाफेवर शिजलेला, आत गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण भरलेला मांजू दुकानाबाहेर गरमागरम हातात ठेवतात. जपानचा बहुतेक सगळा कोन्न्याकु, म्हणजे सुरणाच्या जातीच्या कंदाचा तो लवचीक पदार्थ, याच गुन्मा प्रांतात पिकतो. मोठ्या दाण्याचे गोड शिजवलेले हानामामे घरी न्यायलाही चांगले. युनोहानाची पुडी मात्र विचार करून घ्या. धातूच्या टबाला आणि नळाला ती खाते, आणि आम्लयुक्त संडास-क्लीनरशी तिचा संपर्क झाला तर विषारी वायू सुटतो.

दुसऱ्या दिवशी

दुसरा दिवस पाण्याच्या मागच्या गोष्टींना द्या. गावातून वाहणारी युकावा नदी या आम्लामुळे पूर्वी मेलेली होती. मासा नाही, शेताला पाणी नाही, पुलांचं लोखंड-काँक्रीट झिजायचं. 1964 पासून नदीत चुनखडीची पूड कालवून तिचं दुधासारखं पाणी अखंड सोडलं जातं, रात्रंदिवस, सणवार न पाळता, आणि खालच्या शिनाकी धरणात तो साका बसतो. खालच्या खोऱ्यातली माणसं आणि शेती त्यावर टिकून आहे. तिकडे बान्दाइकोच्या उकळत्या पाण्याची उष्णता काढून घेऊन घरोघरी गरम पाणी दिलं जातं आणि रस्त्यांखाली फिरवून बर्फ वितळवलं जातं.

आणि एक जागा, जी सहलीच्या कार्यक्रमात कुणी घालणार नाही. या जहाल पाण्याने गुण येईल या आशेने कुष्ठरोगी पूर्वापार कुसात्सुला येत. युनोसावा नावाची त्यांची वेगळी वस्ती होती. कॉर्नवॉल ली या इंग्रज मिशनरी बाईंनी तिथे आपलं आयुष्य वेचलं. 1932 मध्ये गावाबाहेर कुर्यू राकुसेन-एन ही सरकारी वसाहत उघडली आणि पुढे रुग्णांना सक्तीने तिथे हलवण्यात आलं. तिच्या आवारात 1938 ते 1947 या काळात शिस्तभंगाच्या नावाखाली रुग्णांना डांबण्यासाठी कोठड्या होत्या. उणे तापमानात, ऊब नसलेल्या त्या कोठड्यांत 93 जणांना ठेवलं गेलं आणि 23 जण मेले. सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा जपानने 1996 मध्येच रद्द केला. त्या कोठड्यांची आठवण सांगणारं संग्रहालय 2014 पासून तिथे आहे. ज्यांनी आनंदवन पाहिलं आहे, बाबा आमट्यांचं काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी इथे दोन तास काढावेत.

हे सगळं एका रात्रीत बसत नाही. तोक्योहून दुपारी पोचलेला माणूस घाईने एकदा शिराहातात उतरतो, भाजून बाहेर येतो, जेवतो, झोपतो, सकाळी दहाला खोली सोडतो आणि ‘पाणी फार गरम’ एवढंच सांगत परततो. शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा, आणि आरक्षण एका रात्रीचं करत असाल तर ते दोन रात्रींचं करा.